जुनं अमेरिकन लोकप्रिय संगीत ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

सरळ १९२०च्या दशकापासून करा. त्याआधीची रेकॉर्डिंग कर्ण्यासमोर उभं राहून केलेली असल्याने कानाला फार दबकी वाटतात. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि आवाज एकदम उघडला.

पहिलं ऐका जॅझचा ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८). सुरुवातीचे काही सेकंद फक्त ट्रम्पेट, साथीला कोणीच नाही. पुढे क्लॅरिनेटच्या प्रत्येक ओळीला आर्मस्ट्राँग शब्दांविना, नुसत्या आवाजाने उत्तर देतो. इतकी सुंदर जुगलबंदी मी फार कमी ऐकली आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे त्यात फापटपसारा नाही.

मग ब्लूजकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सुखदुःखाच्या गाण्यांकडे वळा: गायिका मेमी स्मिथ, बेसी स्मिथ (दोघींचं नातं काही नव्हतं). मेमीची १९२०ची तबकडी तुफान खपली, तेव्हा कुठे कंपन्यांना कृष्णवर्णीय श्रोता दिसला.

कंट्रीसाठी, म्हणजे अमेरिकन खेड्यापाड्यांतल्या गाण्यांसाठी, १९२७ची टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल गावातली रेकॉर्डिंग घ्या. कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स हे दोघंही तिथेच पहिल्यांदा रेकॉर्ड झाले. रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीचं ठेकेदार पियानो संगीत, आवडलं तर संगीतकार स्कॉट जॉप्लिनच्या रचना.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'नॅशनल ज्यूकबॉक्स' या संकेतस्थळावर जुन्या तबकड्या मोफत ऐकता येतात.

आणि हो, आर्मस्ट्राँग कानात मुरला की 'अलबेला'ची (१९५१) गाणी पुन्हा लावा. सी. रामचंद्रांच्या त्या वाद्यमेळात गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. आर्मस्ट्राँगचा ठसा लगेच ओळखू येईल.