प्रश्न तुमचे: माझं इंग्रजी स्पेनच्या मुलांना चालेल का?

प्रश्न: मी २४ वर्षांची आहे. इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, स्पॅनिश बी-१ पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, शिकले. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या संभाषण साहाय्यक योजनेत माझी निवड झाली आहे आणि ऑक्टोबरपासून दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रदेशातल्या एका प्राथमिक शाळेत रुजू व्हायचं आहे. आनंद झाला, पण त्याहून भीती जास्त वाटते. माझे उच्चार ब्रिटिश किंवा अमेरिकन नाहीत, सरळ मराठी वळणाचे आहेत. ‘ही आमच्या मुलांना काय इंग्रजी शिकवणार?’ असं तिथे कुणी म्हटलं तर? शिवाय मी आजवर कधी वर्गासमोर उभी राहिलेली नाही. नेमकं काम काय असतं? आणि पैसे पुरतात का?

उत्तर: वयानं मी मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. उच्चारांचंच आधी बोलू, कारण पत्रातली खरी भीती ती आहे. आंदालुसियातच, खाएन प्रांतातल्या एका गावात मी दोन शालेय वर्षं हे काम केलं. जाताना माझ्याही मनात हीच भीती होती.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. पाचवीच्या वर्गात प्राणी हा धडा चालला होता. जनावरांच्या डॉक्टरसाठीचा इंग्रजी शब्द ‘व्हेट’ मी दोन-तीनदा म्हटला. एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, ‘वेट? विथ वॉटर?’ म्हणजे ओला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. मराठीत आपला ‘व’ एकच, आणि तो इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींच्या मधोमध कुठेतरी बसतो. बी.ए., एम.ए. झालं तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या कानाला ते कधी खटकलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आरशासमोर बसले. एकासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्यासाठी ओठांचा चंबू करायचा. दुसऱ्या दिवशी वर्गाला जसं होतं तसं सांगितलं: माझ्या भाषेत या दोन्हींसाठी एकच अक्षर आहे, म्हणून मी चुकते. त्यांच्या बाई लगेच म्हणाल्या, आपल्याकडे उलटं आहे. स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं दोन, उच्चार मात्र एकच. गाय लिहायची ‘व्ही’नं आणि म्हणायची ‘बाका’. मग आम्ही सगळे, त्या बाईसुद्धा, खालच्या ओठावर दात ठेवून ‘व्हेट, व्हेट’ करत बसलो. इंग्रजी बोलताना आपल्यासारखीच कुणीतरी मोठी माणसं अडतात आणि पुन्हा प्रयत्न करतात, हे त्या मुलांनी त्या दिवशी पाहिलं. जी मुलं तोवर तोंड उघडत नव्हती, त्यांतली दोघं-तिघं त्यानंतर बोलू लागली.

आणि एक लक्षात घे, मराठी कानाचा तिथे फायदाही आहे. स्पॅनिशमध्ये ‘प’ आहे, पण त्याचं महाप्राण भावंड नाही. इंग्रजी ‘पेन’मधल्या ‘प’ला मागून श्वासाचा झोत लागतो; तो लागला नाही तर इंग्रजांना ते ‘बेन’ ऐकू येतं. क-ख, त-थ, ट-ठ म्हणत आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे हा झोत आपल्याला ओळखता येतो आणि मुद्दाम आणताही येतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धर: ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे. दुसरीतली मुलं हा खेळ अर्धा तास खेळतात. ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ आणि ‘स्नेक’चं ‘एस्नेक’ होतं, तिथे आधी सापासारखा लांब फुत्कार करायला लावायचा, मग पुढचा शब्द जोडायचा.

उलट ‘थिंक’मधला ध्वनी मी त्यांच्याकडून शिकले. आपण तिथे सरळ थालीपिठातला ‘थ’ वापरतो. माझ्या गावात ‘ग्राथियास’ म्हणताना जीभ दातांच्या मधे येते, आणि इंग्रजीला नेमकं तेच हवं असतं. आंदालुसियात सगळीकडे असं बोलत नाहीत, बऱ्याच भागांत तिथे ‘स’ म्हणतात. तुझं गाव कुठलं निघतं ते पाहा. दोन वर्षांत एकाही पालकानं माझ्या उच्चारांवर बोट ठेवलं नाही. एकदा एका आजीनं मात्र बाजारात थांबवून सांगितलं, की नात घरी दात ओठावर ठेवून हिंडते.

आता काम. तू शिक्षिका नसशील, हे पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मनात पक्कं कर. आठवड्याला १४ तास असतात, बहुधा चार दिवसांत वाटलेले. प्राथमिक शाळा सहा वर्षांची, मुलं साधारण ६ ते १२ वयाची. बहुतेक शाळांना जोडून ३ ते ६ वयाचा बालवर्गही असतो आणि तिथेही पाठवतात. शाळा द्विभाषिक असेल तर फक्त इंग्रजीच्या तासाला नाही, विज्ञानाच्या तासालाही तू वर्गात असशील. म्हणजे कधी पृष्ठवंशी प्राणी, कधी पाण्याचं चक्र. धडा शिक्षकांचा, शिस्त शिक्षकांची, गुण शिक्षकांचे. तू मोठ्यानं वाचशील, गटांत बसशील, खेळ घेशील आणि बोलशील. मुलं तुला ‘प्रोफे’ किंवा ‘सेन्यो’ म्हणतील, शिक्षक एकमेकांना नावानं हाक मारतात आणि मुख्याध्यापकांनाही ‘तू’ म्हणतात. मला या ‘तू’ची सवय व्हायला नाताळ उजाडला.

वर्गाची जबाबदारी एकटीवर घ्यायची नाही, हा योजनेचा नियम आहे. एका वर्षी एक शिक्षक झेरॉक्स काढायला म्हणून जात आणि वीस-वीस मिनिटं येत नसत. पहिले काही दिवस मी गप्प राहिले, कारण नवी होते आणि परकी होते. एके दिवशी त्या वेळात एक मुलगा बाकावरून पडला आणि त्याची हनुवटी फुटली. टाके पडले नाहीत, पण रक्त पाहून माझे हात थरथरत होते. त्याच दिवशी मी द्विभाषिक कार्यक्रमाच्या समन्वयकांकडे गेले आणि ते थांबलं. तू इतके दिवस गप्प राहू नकोस. पहिल्याच वेळी शांतपणे म्हण, ‘नो प्वेदो केदारमे सोला कोन ला क्लासे’, वर्गासोबत मला एकटीला थांबता येत नाही. शिक्षकांना हा नियम ठाऊक असतो, कुणी राग धरत नाही.

मग शिक्षिका नाही तर तू तिथे कशासाठी? हे मला डिसेंबरातल्या एका सोमवारी कळलं.

खाएन म्हणजे ऑलिव्हचा प्रांत. क्षितिजापर्यंत त्या झाडांच्या रांगा असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत घरंच्या घरं तोडणीला जातात. तिसरीत मी शनिवार-रविवार काय केलं म्हणून विचारत होते. सगळ्यांचं पाठ केलेलं उत्तर, फुटबॉल खेळलो. एक मुलगा होता, त्याच्याकडे इंग्रजीचे रंग आणि आकडे सोडून फारसं काही नव्हतं. तो म्हणाला, ‘आय, विथ माय ग्रँडफादर...’ आणि अडला. मग उठला, बाईंच्या टेबलावरची लांब पट्टी घेतली आणि हवेत झोडपायला लागला. ‘स्टिक?’ मी विचारलं. ‘स्टिक! अँड द... द...’ खाली जमिनीकडे हात पसरले, मला कळेना. तो खिडकीकडे धावला आणि पटांगणातल्या गोलपोस्टची जाळी दाखवली. ‘नेट,’ मी म्हटलं. ‘नेट! बिग नेट! द ऑलिव्ह्ज, डाउन!’ झाडाखाली जाळी अंथरतात, काठ्यांनी फांद्या झोडपतात, फळं जाळीत पडतात. जाळीबाहेर उडालेली वेचायचं काम त्याचं होतं. तेही त्यानं गुडघ्यावर बसून करून दाखवलं.

त्याच्या बाई त्याच भागातल्या. त्यांना ऑलिव्हची तोडणी सांगायची त्याला काय गरज? मला ती खरंच ठाऊक नव्हती आणि जाणून घ्यायची होती, म्हणून त्याला इंग्रजी शब्द शोधावे लागले. तुला तिथलं जे जे ठाऊक नसेल ते वाचून, शोधून लगेच भरून काढू नकोस. मुलांना विचार. पहिलीत रोज कुणाचा तरी दात पडतो आणि उशीखालचा दात नेणाऱ्या उंदराची, रातोन्थितो पेरेथची, गोष्ट सांगायला मुलं आतुर असतात. लुईस कोलोमा या पाद्रींनी ती १८९४ मध्ये लहानग्या राजासाठी, तेराव्या आल्फोन्सोसाठी लिहिली, हे तुला नंतर कधीही वाचता येईल. आधी दात पडलेल्या तोंडानं सांगितलेली ऐक.

यासाठीच तुझं स्पॅनिश शाळेत जरा आवरून धर. काही शाळा सांगतात, मुलांना स्पॅनिश येत नाही असं भासव. मला ते पटलं नाही. गावात मुलं तुला भाजी घेताना ऐकतातच. मी म्हणायचे, शाळेत मी इंग्रजी बोलते. पण मूल रडत असेल, पडलं असेल, तर त्या क्षणी स्पॅनिश बोल.

मुलं तुला ‘हिंदू’ म्हणतील. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ भारतीय इतकाच, धर्म विचारत नाहीत. भारतीय म्हणून नाच, मेंदी, साडी यांची फर्माईश होईल, एखादी जरूर पूर्ण कर. मात्र एका दिवसाची तयारी आतापासून ठेव: ३० जानेवारी. गांधीजींच्या पुण्यतिथीला स्पेनमधल्या शाळा अहिंसा आणि शांततेचा दिवस पाळतात. स्पेनच्या मायोर्का बेटावरचे कवी आणि शिक्षक ल्योरेन्स व्हिदाल यांनी १९६४ मध्ये तो सुरू केला. मला हे तिथे पोचेपर्यंत माहीत नव्हतं. भिंतीवर मुलांनी काढलेले चष्मे, टकलं, पांढरी कबुतरं, आणि साडेतीनशे मुलं पटांगणात हात धरून गोलात उभी. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘तू त्यांना भेटलीस का?’ मी म्हटलं, माझ्या पणजीनं त्यांना लांबून पाहिलं होतं. मग ती लांबून म्हणजे किती लांबून, हे पटांगणात पावलं टाकून मोजायला लागली. त्या दिवशी सहावीपर्यंतच्या प्रत्येक वर्गात मी गेले, आणि १४ तासांचा हिशोब केला नाही.

पैशांचं थोडक्यात. आंदालुसियात महिना ८०० युरो, ऑक्टोबर ते मे. (माद्रिदला १६ तास आणि १००० युरो, पण तिथलं भाडं वेगळं.) हे मानधन आहे, पगार नाही. छोट्या गावात मी खोलीचे २२० युरो देत होते, आणि मानधनात माझं नीट भागलं. पण पहिलं मानधन उशिरा येऊ शकतं. दोन-तीन महिन्यांचा खर्च सोबत ने. गुन्हे नोंद नसल्याचा दाखला अपोस्टीलसह (म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणासह) आणि अधिकृत स्पॅनिश भाषांतरासह लागतो, तो आत्ताच करायला घे. पोचल्यावर नगरपालिकेत रहिवासी नोंद कर आणि परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी महिन्याच्या आत अर्ज कर. त्या ओळखपत्रासाठी पोलिसांकडची वेळ मिळता मिळत नाही, म्हणून सकाळी लवकर संकेतस्थळ उघडत राहा. गाव आडबाजूला असेल तर बस शोधण्याआधी शिक्षकांना विचार. बरेच जण मोठ्या शहरातून एकत्र गाडीनं येतात आणि पेट्रोलचा वाटा घेऊन तुला सहज घेतील. माझं निम्मं स्पॅनिश त्या गाडीत झालं.

प्रश्न: माझी मुलगीही याच कामासाठी स्पेनला चालली आहे. आम्ही शाकाहारी आहोत, ती अंडं खाते. शाळेत आणि बाहेर तिचं निभेल का?

उत्तर: निभेल, ताई. ती अंडं खाते म्हणजे अर्धी चिंता मिटली. बटाट्याचं जाड आम्लेट, तोर्तिया, गावोगाव मिळतं. चणे-पालक, भाज्यांचा पिस्तो, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव, हे रोजचं खाणं आहे. सावध राहायचं ते एका शब्दापाशी. ‘मांस नको’ म्हटलं तरी हॅमचे तुकडे किंवा टूना ताटात येतो, कारण ‘कार्ने’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर हे दोन्ही येत नाहीत. साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंडगार, दाट सूपवर हॅम भुरभुरतात, मसुरीच्या आमटीत बहुधा चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतो. म्हणून तिला पूर्ण वाक्य पाठ करायला सांगा: ‘नो कोमो नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’, मी मांस, मासे, हॅम यांतलं काहीच खात नाही. शाळेतल्या जेवणघरात पहिल्या आठवड्यातच स्वयंपाकीणबाईंना भेटून सांगितलं, तर त्या लक्षात ठेवतात. माझ्या शाळेतल्या बाई मसूर शिजवताना चोरिथो घालण्याआधी माझ्यासाठी एक वाटी बाजूला काढून ठेवायच्या.