'एक लेडीज' आणि चिटाचं कापड

प्रश्न असा आहे: 'एक लेडीज उभी आहे' हे चूक असेल, तर लोकलचा 'लेडीज डबा' बरोबर कसा?

'एक लेडीज' चूकच. लेडी एक, लेडीज अनेक. जेंट एक, जेंट्स अनेक. चर्चगेटपासून विरारपर्यंत 'एक लेडीज चढली', 'एक जेंट्स उतरला' ऐकून कान किटतात. मराठी बोलताना 'बाई' म्हणायला कुणाची हरकत आहे? 'लेडीज डबा' मात्र ठीक. तिथे ती अनेकवचनाची षष्ठी आहे: बायकांचा डबा. इंग्रजीत लिहिताना अपॉस्ट्रॉफी शेवटच्या एसनंतर येते; पाट्यांवर बहुधा गाळतात, ते चालतं. पण वाय तसाच ठेवून त्यापुढे अपॉस्ट्रॉफी आणि एस लिहिलंत, तर अख्खा डबा एकाच बाईचा होतो. व्यंजनानंतरचा वाय अनेकवचनात जातो आणि आय-ई-एस येतं; स्वरानंतरचा टिकतो, म्हणून 'बॉय'ला नुसता एस.

अनेकवचनालाच एकवचन समजण्याचा अस्सल नमुना मात्र इंग्रजांनी घडवलाय, तोही आपल्या शब्दावर. चिटाचं कापड म्हणजे ठिपक्यांचं, फुलाफुलांचं छापील सुती कापड. हिंदीत 'छींट'. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याचं 'चिंट' केलं आणि इंग्रजी रीतीने एस लावून अनेकवचन 'चिंट्स'. माल गठ्ठ्यांनी जायचा, त्यामुळे कानावर अनेकवचनच पडायचं. पुढे तेच एकवचन ठरलं, एसचा झेड झाला आणि कोशात 'चिंट्झ' बसला. झेड फक्त लिहिण्यापुरता, उच्चार अजून 'चिंट्स'च. आता त्याला पुन्हा प्रत्यय लावून 'चिंट्झेस' करतात. या कापडाचं इंग्लंडमध्ये इतकं वेड पसरलं की १७२१च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली; ती १७७४ पर्यंत टिकली.

काही कोश 'छींट' थेट संस्कृत 'चित्र'पर्यंत नेतात. मला ते साफ अमान्य आहे. सूत्रचं सूत, पुत्रचा पूत, रात्रीची रात. त्र झिजला की त उरतो. 'चित्र'मधून 'चित्ता' निघतो, ते बरोबर. पण 'छींट'मधला ट आणि अनुस्वार कुठून आणणार? त्यापेक्षा उडालेला थेंब, ठिपका या अर्थाचा हिंदी 'छींटा' शेजारीच उभा आहे, तो का दिसू नये? आणखी एक. पोर्तुगीज या कापडाला 'चिता' म्हणतात, त्यात अनुस्वार नाही, मराठी 'चीट'मध्येही नाही. पोर्तुगिजांनी हा शब्द वसई-चौलच्या किनाऱ्यावर मराठी तोंडून उचलला आणि इंग्रजांनी सुरतेकडे, असं माझं ठाम मत आहे.

'मग इंग्रजांनी केलं ते चालतं, आम्ही केलं की चूक?' असं विचारणारे आहेतच. इंग्रजांपुढे 'चिंट' हे एकवचन वापरात उरलंच नव्हतं. 'लेडी' आणि 'लेडीज' दोन्ही मुंबईकराच्या कानावर रोज पडतात. 'लेडी डॉक्टर' म्हणताना कुणी चुकून तरी 'लेडीज डॉक्टर आली' म्हणतं का?