शाळेमागच्या रिकाम्या जागेत काय करू?

प्रश्न: आमच्या झेडपी शाळेमागे दोनेक गुंठे जागा पडून आहे, घसरगुंडी-झोपाळ्याला पैसे नाहीत. मुलांसाठी काय करता येईल? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, पैशांवाचून अडू नका. वाळूचा हौद, जाड ओंडके, मातीचा उंचवटा आणि एक नळ, एवढ्यावर पोरं तासन्तास रमतात, आणि फिनलंडमधे तर बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती-गवत आणून टाकलं तेव्हा २८ दिवसांतच मुलांच्या रक्तात प्रतिकारशक्ती सुधारल्याच्या खुणा दिसल्या, २०२० चा अभ्यास आहे हा. पावसाळ्याच्या तोंडाला जांभूळ, चिंच लावा. कण्हेर मात्र अजिबात नको, अख्खं झाड विषारी असतं! वाळूवर रात्री ताडपत्री टाकाच, नाहीतर कुत्री-मांजरं घाण करतात, आणि पावसाळ्यात ओंडक्यांखाली विंचू आहे का ते रोज सकाळी काठीने बघायचं.