रायमुनिया कापली तरी का फुटते?

प्रश्न : नागपुरात दाभ्याजवळ आमच्या लेआऊटमागची मोकळी जागा रायमुनियाने (घाणेरी) भरली आहे. मागच्या वर्षी आम्ही ती जमिनीलगत कापून पेटवली, तरी यंदा जास्तच जोमाने आली. आता जेसीबी लावावा का?

उत्तर : नको. खोड आणि सोटमूळ जिथे जुळतं, त्या गाठीतून रायमुनिया फुटते. कापली काय नि जाळली काय, मातीखालची गाठ शाबूत राहते आणि एका खोडाच्या जागी चार-पाच धुमारे येतात. जेसीबीने गाठ निघेल, पण सगळी माती उकरली जाईल आणि अशी उघडी माती गाजर गवताला आयतीच मिळते.

जागा मनपाची की सुधार प्रन्यासची, हे पाहून लेखी परवानगी घ्या. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती मऊ झाली की दोघादोघांच्या जोडीने कामाला लागा. एकाने विळ्याने फांद्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची. दुसऱ्याने टिकासाने माती ओढून 3 ते 5 इंच खोल, गाठीच्या खाली, सोटमूळ तोडायचं. काढलेलं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा. मूळ ओल्या मातीला टेकलं तर पुन्हा जीव धरतं, आणि बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. हातात जाड मोजे हवेतच.

सगळी जागा एका दमात मोकळी करू नका. सात-आठ मीटरचा एकेक पट्टा घ्या, म्हणजे पक्ष्यांचा आसरा एकदम जात नाही. साफ केलेल्या पट्ट्यात त्याच आठवड्यात मारवेल गवताचे ठोंब फूट-फूट अंतरावर लावा. आमच्या मते हे काम झाडं लावण्याआधीचं आहे. गवताने जमीन झाकली नाही तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गाजर गवतच दिसेल. ते फुलायच्या आत मुळासकट उपटा. फुलल्यावर हात लावला की अंगाला खाज सुटते आणि बीही सांडतं. रिकाम्या राहिलेल्या कडांवर तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका. दाट उगवलेला तरोटा गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते.

बुलबुल, साळुंक्या रायमुनियाची फळं खाऊन झाडांवर बसतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात झाडांखाली फिरून नवी रोपं हाताने उपटावी लागतील.

प्रश्न : लावलेली रोपं दरवर्षी मे महिन्यात वाळतात. पाणी तर नियमित देतो.

उत्तर : तुमची जमीन काळी असणार. उन्हाळ्यात ती भेगाळते, बारीक मुळं तुटतात आणि दिलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं. पाणी वाढवून उपयोग नाही. दिवाळीनंतर आळं खुरपून भेगा बुजवा आणि वर 4 इंच पालापाचोळा पसरा. बुंध्यापासून तो वीतभर लांब ठेवा, नाहीतर साल सडते. दर वेळी 15-20 लिटर पाणी संध्याकाळी द्या; हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, एप्रिलपासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत चार-पाच दिवसांनी. लावताना पिशवीतली गुंडाळलेली मुळं मोकळी करा आणि पावसाचं पाणी साचू नये म्हणून रोप जरा उंचवट्यावर घ्या. कडुनिंब, करंज, हिवर इथे टिकतात, नाल्याकाठी अर्जुन. पळसाचं सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून त्याचं रोप आणण्यापेक्षा जूनमध्ये ताजं बी जागेवरच पेरा. सुबाभूळ मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती रायमुनियासारखीच पसरते.