चपलेचं वजन की वस्तुमान?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या लेकीला शाळेतून घरातल्या पायताणांची वजनं करून तक्ता करायला सांगितला होता. तिनं लिहिलं, 'बाबांच्या चपलेचे वजन ४१० ग्रॅम'. बाईंनी 'वजन' खोडून वर 'वस्तुमान' लिहिलं. मग आपण सगळे आजवर चुकीचंच बोलत आलो का? आणि 'भार' लिहिलं तर चालेल का?

ताई, बोलण्यात तुमचं काही चुकत नाही. विज्ञानाच्या वहीत मात्र बाईंचं बरोबर आहे.

'वजन' मूळचा अरबी शब्द, बाजारातून आपल्याकडे रुळलेला. दुकानदार पोऱ्याला सांगतो, "किलोचं वजन ठेव." म्हणजे पारड्यात टाकायचा लोखंडी तुकडाही वजनच! एका पारड्यात हळद, दुसऱ्यात ते वजन, आणि काटा मधोमध आला की झालं. अशी तागडी दोन वस्तूंमधल्या द्रव्याची तुलना करते, आणि वस्तूत द्रव्य किती हे सांगतं ते वस्तुमान. म्हणून मला वाटतं, पेठेतलं 'वजन' हे पहिल्यापासून विज्ञानातलं वस्तुमानच आहे. वस्तूचं मान, म्हणजे माप: शब्द पुस्तकी खरा, पण घडण सरळ आहे.

अडचण झाली ती विज्ञानानं 'वजन' हा शब्द दुसऱ्या कामाला लावल्यामुळं. पृथ्वी वस्तूला ज्या बलानं ओढते ते वजन. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं १९०१ सालीच ते बलाच्या जातीचं ठरवलं. त्यामुळं ते न्यूटन या बलाच्या एककात लिहायचं. ४१० ग्रॅमच्या चपलेचं वजन साधारण ४ न्यूटन. तीच चप्पल चंद्रावर नेली तर ग्रॅम तेवढेच राहतील, न्यूटन एक षष्ठांशावर येतील. एवढ्या लांब कशाला, महाबळेश्वर सांगलीहून सुमारे ८०० मीटर उंच. तिथंही वजन घटतं, पण इतकं थोडं की स्वयंपाकघरातल्या काट्याला कळणार नाही. तो डिजिटल काटा प्रत्यक्षात बलच मोजतो, आकडा तेवढा ग्रॅममध्ये दाखवतो.

'भार' मात्र नको. हिंदी पुस्तकांत वजनाला भार म्हणतात, तिकडून तो मराठीत शिरतोय. आपल्याकडे भार म्हणजे अंगावर पेललेलं ओझं. गवताचा भारा त्याच कुळातला. 'एका पायावर भार देऊन उभा राहिला' हे वाक्य 'वस्तुमान देऊन' असं करून बघा.

क्रियापदंही सांभाळा. वजन करतात, वस्तुमान मोजतात किंवा काढतात. 'चपलेचं वस्तुमान केलं' कुणी म्हणत नाही.

तुमचं पत्र वाचून मी माझी कोल्हापुरी काट्यावर ठेवली. डावी ३९६ ग्रॅम, उजवी ४०५. हातानं शिवलेल्या चामड्यात एवढा फरक पडायचाच. पावसात भिजलेली असती तर आकडे आणखी वाढले असते. तेव्हा लेकीला सांगा, आकडा एका पायाचा की जोडाचा आणि चप्पल कोरडी होती का, हे तक्त्यात लिही. रकान्याला नाव 'वस्तुमान (ग्रॅम)' दे. आणि वर 'पायताण' लिहिलं असेल तर ते खोडू नको. तो 'पादत्राण'चाच आपल्याकडचा, बोलण्यातून घासून आलेला शब्द आहे.