जर्मनीत एक्स्चेंज सेमिस्टरचे शेवटचे काही आठवडे उरलेत. परीक्षा, आवराआवर आणि फिरणं हे सगळं कसं जमवायचं?

तू लिहिलंयस की विंटर सेमिस्टर संपत आलंय, फेब्रुवारीच्या शेवटी परतीचं विमान आहे, तीन पेपर डोक्यावर आहेत आणि पॅरिस, प्राग, आम्स्टरडॅम काहीच बघून झालं नाही म्हणून जीव खालीवर होतोय. वयाने लहान वाटतेस म्हणून सरळ अगंतुगं करतेय. मी पण विंटर सेमिस्टरलाच जर्मनीतल्या आखेन शहरात होते, त्यामुळे जे सांगतेय ते तिथलं आहे. पहिलं म्हणजे पॅरिस आणि प्राग सोडून दे. खरंच सोड. ती शहरं कुठे जात नाहीत, पुढे नोकरी लागल्यावर, आईबाबांना घेऊनसुद्धा जाता येईल, पण तू आत्ता राहतेस त्या गावात तिथली विद्यार्थिनी म्हणून राहणं परत होणार नाही, तुझ्या मजल्यावरची माणसं परत एका किचनमध्ये जमणार नाहीत.

आता परीक्षा. आपल्याकडे इंटर्नल, टर्मवर्क, ओरल असं सगळं मिळून मार्क पडतात, तिथे बऱ्याच कोर्सना शेवटचा एक पेपर म्हणजेच सगळं, आणि ग्रेड उलट्या, 1.0 सगळ्यात भारी, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. त्यामुळे आधी हे बघ की तुझी परीक्षेची नोंदणी झालीये का, कारण कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नसतं. मग तुमच्या डिपार्टमेंटच्या फाखशाफ्टकडे जा, म्हणजे विद्यार्थ्यांची जी समिती असते ती, त्यांच्याकडे बहुतेक वेळा जुने पेपर असतात. मी नोट्स पाठ करण्याऐवजी घड्याळ लावून जुने पेपर सोडवत बसायचे आणि त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच झाला नाही, कारण तिथे प्रश्न कमी असतात पण नेमके असतात, पानंच्या पानं भरून काही मिळत नाही. पेपरला जाताना स्टुडंट कार्डाबरोबर पासपोर्टपण ठेव.

आणखी एक गोष्ट जी कोणी आपणहून सांगत नाही. निकाल लागल्यावर पेपर प्रत्यक्ष बघायला मिळतो, त्याला आइनझिष्ट म्हणतात, पण तोपर्यंत तू सांगलीत नाहीतर पुण्यात असशील, म्हणून निघायच्या आधीच प्रोफेसरांच्या ऑफिसला मेल करून विचार की माझ्या वतीने मैत्रिणीने येऊन बघितलं तर चालेल का, चालत असेल तर तिला सहीचं पत्र देऊन ठेव. ट्रान्स्क्रिप्ट यायला पण वेळ लागतो, तो कोणत्या मेलवर येणार ते इंटरनॅशनल ऑफिसला विचार, कारण युनिव्हर्सिटीचं अकाउंट नंतर बंद होतं. आणि इकडच्या कॉलेजकडून क्रेडिट आणि ग्रेड कसे धरणार ते लेखी घे, तोंडी नको. पूर्ण सेमिस्टरचे 30 ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, धरतात, 1 ईसीटीएस म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम, हे इकडच्या सरांना नीट समजावून सांगायला लागतं.

कागदपत्रांमध्ये सगळ्यात महत्त्वाची आबमेल्डुंग, म्हणजे आपण जर्मनी सोडतोय हे महापालिकेच्या ऑफिसला कळवणं. ती खोली सोडायच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी करता येते आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावीच लागते. तो कागद मिळाला की त्याच्या कॉप्या काढ, कारण बँक, इन्शुरन्स, रेडिओ-टीव्हीची फी (महिन्याला 18.36 युरो, एका घराला एक) हे सगळे तोच कागद मागतात. खोली सोडताना घरमालकाबरोबर किंवा हाउसमास्टरबरोबर (इमारतीची देखभाल करणारा) फिरून काय कुठे कसं आहे ते लिहून घे, फोटो काढ, दोघांच्या सह्या घे, डिपॉझिट त्याच्यावर अवलंबून असतं आणि ते लगेच हातात पडत नाही, तेव्हा बँक खातं घाईने बंद करू नकोस. व्हिसावरची तारीख आणि विमानाची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघ. एवढं झालं की कागदांचं झालं.

आता राहिलेले दिवस. मी ते आखेनमध्येच घालवले आणि आजही तेच सांगीन, जिथे आहेस तिथेच घालव. कॅथीड्रल तर 1978 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण मला सकाळी क्लासला जाताना ते नुसतं दिसायचं, शेवटच्या आठवड्यात मात्र आत जाऊन अष्टकोनी घुमटाखाली निवांत बसले, मान दुखेपर्यंत वर बघत. एलिझनब्रुनन या गरम पाण्याच्या कारंज्याजवळ गंधकाच्या पाण्याचा वास येतो, थंडीत त्या पाण्याखाली हात धरून उभं राहायला बरं वाटायचं. पोंटश्ट्रास या रस्त्यावर मैत्रिणींबरोबर रात्रीपर्यंत गप्पा, लाउसबेर्ग टेकडीवरून सगळं शहर दिसतं तिथे संध्याकाळी चक्कर, आणि बसने नेदरलँड्समधल्या फाल्स गावाला जाऊन जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम जिथे एकत्र येतात त्या टेकडीवर. परदेश बघायचाच असेल तर हा पण परदेशच आहे आणि संध्याकाळी परत येऊन अभ्यासाला बसता येतं. सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, चालत असेल तर साध्या ट्रेनने कोलोन तासाभरात होतं. फेब्रुवारीत कार्निव्हल आला तर पुस्तक मिटून एक दिवस रस्त्यावर जाच, आखेनमध्ये सगळे आलाफ आलाफ ओरडत असतात आणि ओळख नसलेली आजोबा माणसंसुद्धा गळ्यात हात टाकून गातात.

आणि किचन. संक्रांतीला मी एशियन दुकानातून गूळ आणि तीळ आणून मजल्यावर सगळ्यांना लाडू दिले होते, तेव्हापासून एक तुर्की मुलगी आणि एक चिली देशाचा मुलगा रोज जेवायला माझ्याबरोबर बसायला लागले, त्यांच्याशी जे बोलणं झालं ते मला कुठल्याच लेक्चरमध्ये मिळालं नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात सामान संपवायच्या नावाखाली सगळ्यांना बोलाव, उरलेल्या तांदळाची खिचडी कर, पोहे कर, त्यांना त्यांचं काहीतरी करायला लाव. फोन नंबर आणि घरचे पत्ते तेव्हाच घे, निघायच्या रात्री कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

प्रेशर कुकर, मसाल्याचा डबा, जाड ब्लँकेट हे बॅगेत कोंबू नकोस. समर सेमिस्टर 1 एप्रिलला सुरू होतं, आपल्याकडची नवीन मुलं मार्चमध्ये येतात, थंडीत आल्या आल्या कुकर मिळाला तर त्यांचा पहिला महिना सुखाचा जातो, तिथल्या इंडियन स्टुडंट्सच्या ग्रुपवर टाक, लगेच कोणीतरी घेऊन जाईल. त्या जागेत आईसाठी प्रिंटेन घे, आखेनचा तो मसाल्याचा बिस्किटासारखा प्रकार, कडक असतात ते बरेच दिवस टिकतात.

आबमेल्डुंगच्या अपॉइंटमेंटचे स्लॉट लवकर भरतात, त्यामुळे हे वाचून झालं की आधी ते बघ. कुठल्या शहरात आहेस ते लिहिलं नाहीयेस, ते सांगितलंस तर तिथे असलेल्या ओळखीच्या मुलींना विचारून बघते.