50-60 लाखांत बीवायडी सील घ्यावी की बीएमडब्ल्यू 3 सिरीज?

तुम्ही लिहिलंय की घर जळगावात आहे, रोज भुसावळला जाणं-येणं, महिन्यातून दोनदा पुणे, आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा आई-वडील. गाडी मात्र पळणारी हवी. यातली शेवटची दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात, आणि उत्तर तिथेच दडलंय.

दोन्हींपैकी एकही गाडी माझी नाही, हे आधीच सांगतो. सील ही चिनी बीवायडीची विजेवरची गाडी भुसावळच्या मित्राची, 330एलआय ही 3 सिरीज नाशिकच्या मेहुण्यांची. चाळीसगावला एका लग्नात दोन्ही गाड्या एकत्र आल्या. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आम्ही त्या घेऊन कन्नड घाटात गेलो. जड वाहनांना बंदी झाल्यापासून तिथे ट्रकच्या मागे धूर खात बसावं लागत नाही.

कागदावर बघाल तर मित्राची सील प्रीमियम 313 पीएसची (पीएस म्हणजे ढोबळमानानं अश्वशक्ती), 0 ते 100 ला 5.9 सेकंद. 330एलआयचं दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन 258 पीएसचं, 6.2 सेकंद. उन्नीस-बीसच म्हणा. पण सीलची शोरूम किंमत 45 लाखांच्या आसपास आणि बीएमडब्ल्यू साठीच्या घरात. सीलचं सर्वांत वरचं मॉडेल 530 पीएसचं आहे, 53 लाखांच्या आसपास मिळतं आणि 3.8 सेकंदांत शंभर गाठतं. भुसावळच्या रोजच्या रस्त्यावर त्याचं काय करणार, ते तुम्हीच ठरवा.

घाटात मात्र आकडे मागे पडले. सरळ चढावर सील आवाज न करता अशी उसळते की मान सीटला टेकते. वळण आलं की तिचं वजन कळतं. दोन टनांच्या वर आहे ती, बीएमडब्ल्यूपेक्षा तीन-चारशे किलो जड. पकड सुटत नाही, पण स्टिअरिंग हलकं आहे आणि पुढची चाकं काय करताहेत ते हाताला कळत नाही. बीएमडब्ल्यूत बसलो आणि तिसऱ्या वळणानंतर मी स्पीडोमीटर बघायचंच विसरलो. एकीकडे 1975 पासून हेच एक मॉडेल घोटत आलेली कंपनी, दुसरीकडे 1995 ला बॅटऱ्या बनवायला सुरुवात करून 2003 ला गाड्यांत उतरलेली. हा फरक कुठे शिल्लक आहे, तर वळणात. बाकी ठिकाणी तो जवळजवळ पुसला गेलाय.

खाली उतरून टपरीवर चहा घेत होतो. एक आजोबा बीएमडब्ल्यूकडे ढुंकूनही न बघता सीलला फेरी मारून आले. "हाई गाडी कितलानी शे भो?" आकडा ऐकून त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मित्राला अजून आठवते.

आता आई-वडील. 330एलआय ही लांब केलेली 3 सिरीज आहे, नेहमीच्या गाडीपेक्षा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 110 मिलिमीटरनं जास्त. पाय पसरून बसता येतं. सीलमध्येही जागा कमी नाही, पण बॅटरी तळाला असल्यामुळे पाय ठेवायची जागा उंच येते, गुडघे वर राहतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. पुण्यापर्यंत सात-आठ तास तसं बसायचं म्हणजे वडील संभाजीनगरलाच कुरकुरायला लागतील. शिवाय वर अख्खं काचेचं छप्पर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. 2024 च्या गाडीला पडदा नव्हता, 2025 च्या मॉडेलला विजेवर सरकणारा पडदा आलाय. जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका.

उन्हाचीच गोष्ट निघाली तर सीलची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, उष्णतेला इतर प्रकारांपेक्षा दणकट. ती काळजी मी करणार नाही. कंपनी 650 किलोमीटर सांगते, एसी लावून महामार्गावर तुम्ही 450 धरा. पुण्याला जाताना वाटेत चार्जिंगसाठी एक थांबा घेतलेला बरा. भुसावळचं रोजचं जाणं-येणं मात्र घरच्या चार्जरवर पेट्रोलच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात बसतं.

आपण जळगावची माणसं, सोनं घेतानाही मोडीत किती जाईल ते आधी विचारतो. इथे बीएमडब्ल्यूला निदान बाजार ठरलेला आहे. सील पाच वर्षांनी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक शोधावं लागेल, असं माझं मत.

मी तुमच्या जागी असतो आणि अंगणात चार्जर बसवता येत असता तर सील प्रीमियम घेतली असती, पुण्याला आई-वडिलांना रेल्वेनं पाठवलं असतं. ते जमणार नसेल तर 330एलआय, मन मारून नाही, आनंदानं.

सील निवडलीत तर चेक फाडण्याआधी पाच जणांना बसवून तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून एकदा नेऊन बघा. तळाशी 145 मिलिमीटरच जागा आहे, आणि आपल्याकडचे ब्रेकर गावकऱ्यांनी स्वतः बांधलेले असतात.